श्रीशिल्लक शून्य का?

आर्थिक लेखांकनाच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक उदाहरण मांडले. दहा व्यवहार होते आणि त्यांपैकी सातव्यात नेहमीची मेख होती. मालकाने दुकानातला माल स्वतःच्या घरी नेला होता. ह्याची नोंद कशी करावयाची, असे सरांनी विचारले. वर्ग गप्प. मी उठून म्हणालो, ‘‘सर, उचल खाते नावे, खरेदी खाते जमा. विक्रीला हात लावायचा नाही.’’ सर खूष झाले, पुढच्या बाकांवरच्या मुलामुलींनी मागे वळून पाहिले आणि त्या दिवसापासून वर्गात ‘हुशार’ म्हणून माझी ख्याती पसरली. वर्षभर मी ती मुकाट्याने उपभोगली. वार्षिकांकाच्या निमित्ताने आज ती परत करीत आहे. मित्रहो, मी हुशार नव्हतो. ते उदाहरण मी दुसऱ्यांदा सोडवीत होतो.

आदल्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, महाराष्ट्रातील एका विद्यापीठात मी बी.कॉम.चे पहिले वर्ष पुरे केले होते. दोन्ही सत्रांचे सर्व पेपर सुटले होते, एकही मागे राहिला नव्हता. तरी २०२४-२५ मध्ये मी ह्या महाविद्यालयात पुन्हा बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षात बसलो होतो. मधल्या काळात मी नापास झालो नव्हतो, की परीक्षेत कॉपी करताना सापडलो नव्हतो. मी फक्त गाव बदलले होते.

पदवीच्या मध्यावर विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते, ह्या प्रश्नाचा आपल्याकडे फारसा कोणी विचार करीत नाही. ज्याच्यावर वेळ येते तो धडपडतो, वर्ष गमावतो आणि गप्प बसतो. मलाही गप्प बसणे जमले असते. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक खोड असते. हिशेब जुळला नाही की त्याला झोप येत नाही. हा हिशेब जुळत नाही, म्हणून हा लेख.

आमचे घर निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आईचे माहेर कन्नड, त्यामुळे घरात मराठी आणि आजोळी कन्नड असा माझा लहानपणापासूनचा रिवाज. दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो आणि अकरावीपासून महाराष्ट्रात आत्याकडे राहून शिकू लागलो. २०२४ च्या मे महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. दिवाणजीचा उजवा हात गेला म्हणजे घरातले काय गेले, हे मी सांगावयास नको. मामांनी आम्हा सर्वांना ह्या गावी आपल्याजवळ आणले आणि मला एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मिळवून दिले. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान, असा बेत ठरला. राहता राहिला प्रश्न तिसऱ्या सत्राच्या प्रवेशाचा. सर्वांत सोपा प्रश्न तोच असेल, असे आम्हाला वाटले होते.

चौकशीला गेलो तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. माणूस सज्जन. मला ‘तम्मा’ म्हणून हाक मारली, बाकावर बसविले आणि कोणकोणते कागद लागतील त्याची यादी स्वतःच लिहून दिली. आधीच्या महाविद्यालयाचा दाखला, आधीच्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका (त्यांना इकडे मार्क्स कार्ड म्हणतात), पहिल्या वर्षाचा शिक्का मारलेला अभ्यासक्रम, बारावीची गुणपत्रिका, आणि ह्या सर्वांच्या जोरावर मिळवावयाचे पात्रता प्रमाणपत्र. ह्यात मौज अशी, की दाखला आणि मायग्रेशन घेतले की आधीच्या ठिकाणचे नाव कमी होते. आणि नव्या ठिकाणी घेतील की नाही, हे मात्र ते कागद आणून दिल्यावरच ठरते. पहिल्या होडीतून पाय काढल्याशिवाय दुसऱ्या होडीत जागा आहे की नाही, हे कोणी सांगत नाही.

कागद जमविण्यासाठी पाच खेपा झाल्या. दुसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेची वाट पाहण्यात आणखी काही दिवस गेले. अखेर सारी चळत घेऊन मी पुन्हा खिडकीशी उभा राहिलो. त्याच गृहस्थांनी ती वरपासून खालपर्यंत चाळली आणि मान हलविली. म्हणाले, ‘‘तम्मा, कागद सगळे बरोबर आहेत. पण तुला बसवायचा कुठे?’’

त्यांची अडचण खरी होती. कर्नाटकाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून, देशात सर्वांआधी, पदवी वर्गांना लागू केले. माझ्याबरोबर तिसऱ्या सत्रात बसली असती ती मुले त्या पद्धतीने पहिले वर्ष करून आली होती. माझे पहिले वर्ष महाराष्ट्रात जुन्या पद्धतीने झाले होते. त्यातच मे २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने चार वर्षांच्या पदवीची पद्धत मागे घेतली आणि २०२४-२५ च्या पहिल्या वर्षापासून पुन्हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला. महाराष्ट्रात त्याच २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण सर्वत्र सुरू झाले. म्हणजे एकच पद्धत त्या उन्हाळ्यात एका राज्यात घरात शिरत होती आणि दुसऱ्या राज्यात घराबाहेर पडत होती. आणि नेमका त्याच दिवसांत मी त्या दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर कागदांची पिशवी घेऊन उभा होतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मी.

दोन्ही अभ्यासक्रम मी रात्री घरी बसून ताडून पाहिले. आर्थिक लेखांकन दोन्हीकडे होते आणि त्यातले धडे बहुतेक तेच होते. व्यवस्थापनाच्या पेपराचे नाव वेगळे होते, आतला मजकूर सारखा. विपणन इकडे होऊन गेले होते, तिकडे व्हावयाचे होते. अर्थशास्त्राचे उलट. सर्वांत मोठी तूट निघाली ती भाषेची. तिकडे माझ्या पहिल्या वर्षाला इंग्रजी ही एकच भाषा होती. इकडे इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा हवी. ती मी मराठी घेऊ शकत होतो. म्हणजे दहावीपर्यंत गणित आणि विज्ञानसुद्धा मराठीतून शिकलेला मुलगा मराठीचा पेपर दिलेला नाही म्हणून अडला होता! तो पेपर मला आता द्या, सुट्टीत द्या, दोन सत्रांचा एकदम द्या, असे मी म्हणून पाहिले. तशी सोय नाही, असे उत्तर आले. पहिल्या वर्षात जागा आहेत, तेथे नव्याने प्रवेश घ्यावा, असा सल्ला मिळाला. मुदत संपत आली होती. मी प्रवेश घेतला.

नावे मी मुद्दामच घेत नाही. दोष एखाद्या खिडकीचा असता तर मी तक्रारअर्ज लिहिला असता, लेख लिहिला नसता. हा मराठी-कन्नडचा झगडाही नव्हे. ह्याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा एक मित्र जत तालुक्यातला आहे. घरी कन्नड, गाव महाराष्ट्रात. त्याच्याकडची मुले पदवीच्या मध्यावर इकडे येऊ पाहतात तेव्हा त्यांचीही कहाणी हीच होते. इतकेच काय, एकाच राज्यातल्या एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्यालाही समकक्षतेचा उंबरठा चुकत नाही. भाषा एक असो की दोन, विद्यापीठे दोन झाली की मध्ये भिंत उभी राहते.

पहिल्या वर्षात नाव घातल्याचे मी वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मग त्यांनी श्रीशिल्लक काय धरली?’’

संगणकावर हिशेब शिकलेल्या मित्रांसाठी सांगतो. कीर्द लिहिताना दिवसाची पहिली ओळ कालच्या अखेरच्या शिलकेची असते. तिला श्रीशिल्लक म्हणतात. पाडव्याला नवी वही घातली तरी पहिली रक्कम जुन्या वहीतूनच येते. दुकान एका पेठेतून दुसऱ्या पेठेत हलले म्हणून गल्ल्यातली शिल्लक कोणी शून्य धरीत नाही. धरली, तर मधले पैसे गेले कुठे ह्याचा जाब दिवाणजीला द्यावा लागतो. माझी दोन सत्रे शून्य धरली गेली आणि त्याचा जाब कोणालाच द्यावा लागला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की तो कोणाला तरी द्यावा लागला पाहिजे.

आता दुसरी बाजू. आमच्या एका प्राध्यापकांशी मी ह्या विषयावर पुष्कळ वाद घातला. ते म्हणाले, पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का, जबाबदारी त्याची. उद्या कोणी पाच सत्रे कुठेतरी काढील, सहाव्या सत्राला येईल आणि नामांकित विद्यापीठाची पदवी खिशात घालून जाईल. खोट्या गुणपत्रिकांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. शिवाय शिकविण्याला एक क्रम असतो. पाया नसताना मजला चढविता येत नाही. हे सारे मला पटते. पडताळणी व्हावी, आणि कडक व्हावी. परंतु पडताळणी करणे निराळे आणि शून्य धरणे निराळे. बँकेत चेक भरला तर बँक सही तपासते, खात्यात पैसे आहेत की नाहीत ते विचारते, आणि चेक परत करावयाचा असेल तर सोबत कारणाची चिठ्ठी जोडते. चेक परगावचा आहे एवढ्यावरून ती तो फाडून टाकीत नाही.

शिवाय ह्या दक्षतेत एक विसंगती आहे. तिकडेच बी.कॉम. पूर्ण करून मी इकडे आलो असतो तर एम.कॉम.च्या प्रवेशाला मला पहिल्या वर्षाच्या मराठीच्या पेपराबद्दल कोणी विचारले नसते. बँकांच्या परीक्षांना किंवा संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. म्हणजे सहा सत्रे एकत्र बांधून आणली तर ती देशभर चालतात, आणि त्यांतलीच दोन सुटी आणली तर शेजारच्या जिल्ह्यात चालत नाहीत. अख्खी भाकरी गोड आणि तिचाच तुकडा कडू, हे कसे?

वाणिज्य शाखेत तर हे विशेषच खटकते. कराराचा कायदा १८७२ चा, भागीदारीचा १९३२ चा, कंपन्यांचा २०१३ चा. तिन्ही साऱ्या देशाला एकच. जमा-नावेच्या दुहेरी पद्धतीवर इटलीतल्या लुका पाचोलीचे पुस्तक छापले गेले ते १४९४ मध्ये. तेव्हापासून कोणत्याही राज्याने नावेची बाजू उजवीकडे नेलेली नाही. सी.ए. करणारा विद्यार्थी गाव बदलतो तेव्हा त्याच्या सुटलेल्या परीक्षांना धक्का लागत नाही, कारण त्याची संस्था देशभर एकच. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि दोन्ही राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. वडिलांच्या वखारीतले तंबाखूचे पोते आज सीमा ओलांडते तेव्हा पलीकडचा व्यापारी ते उघडतो, वास घेतो, प्रत ठरवितो, भावात घासाघीस करतो. हे सर्व करण्याचा त्याला हक्क आहे. पण भरलेले पोते समोर असताना ते रिकामे आहे, असे तो म्हणत नाही.

विद्यापीठांना हे जमण्यासारखे नाही, असे कोणी म्हणेल. इतिहास निराळे सांगतो. बेळगावची जुनी महाविद्यालये एके काळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे त्यांचा कारभार धारवाडकडे गेला. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, तेव्हा बेळगाव, विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांतील महाविद्यालये धारवाडकडून त्याच्याकडे आली. तिकडे १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि २००४ मध्ये त्याच्यातून सोलापूर जिल्हा वेगळा होऊन तेथे स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले. गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाची होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाले. ह्या प्रत्येक वेळी कितीतरी मुले पदवीच्या अधेमध्ये असणार. अशा वेळी त्यांचे काय करावयाचे, ह्याची व्यवस्था आधी ठरविली जाते. कोणी जुन्या विद्यापीठाची परीक्षा देऊन मोकळे व्हावयाचे, कोणी नव्याकडे जावयाचे, हे नियमांत लिहिले जाते. मुलांची केलेली वर्षे पुसून टाकावीत असे कोणाच्या मनातही येत नाही. सारांश, अख्खे महाविद्यालय विद्यापीठ बदलते तेव्हा शिल्लक पुढे ओढली जाते. एकटा मुलगा विद्यापीठ बदलतो तेव्हा ती ओढली जात नाही. हजारांसाठी समिती बसते. एकट्यासाठी खिडकी उघडते आणि जेवणाच्या सुट्टीत बंद होते.

ह्यावर तोडगा निघाला आहे, असे आम्हाला सांगण्यात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये नियम करून ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. विद्यार्थ्याने मिळविलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यात जमा व्हावयाची, ती सात वर्षांपर्यंत टिकावयाची आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता यावयाची, अशी कल्पना. पदवी देणाऱ्या संस्थेतून निम्मी तरी क्रेडिट्स घेतलेली असावीत, अशीही अट आहे आणि ती रास्त आहे. सहाव्या सत्राला येऊन पदवी पळविणाऱ्याची प्राध्यापकांना वाटणारी भीती ह्या अटीने दूर होते. मी तर सहापैकी दोनच सत्रे आणली होती. कल्पना उत्तम आहे. माझेही खाते आहे आणि मोबाईलवर आकडे दिसतात. परंतु एका विद्यापीठाचा अमुक पेपर दुसऱ्याच्या तमुक पेपराच्या बरोबरीचा, हे ती बँक ठरवीत नाही. ते घेणाऱ्या विद्यापीठाने ठरवावयाचे. बँकांच्या धंद्यात परस्परांचे चेक वटविण्यासाठी क्लिअरिंग हाउस असते. ते नसते तर प्रत्येकाच्या हाती आपल्या शिलकेचे पासबुक असते आणि परगावी त्यावर चहाही मिळाला नसता. आपल्याला पासबुक मिळाले आहे. क्लिअरिंग हाउस अद्याप उघडावयाचे आहे.

माझे एक वर्ष गेले; मुलगा म्हणून मी ते सोसले. घरच्यांनी आणखी एक वर्ष फी भरली आणि मी पुन्हा शिकलो. पण सीमाभागात पदवीच्या मध्यावर गाव बदलणाऱ्यांत मुली किती असतात, ह्याचा विचार करा. आपल्याकडे सोयरिकी नाका पाहून होत नाहीत. गडहिंग्लजची मुलगी बेळगावला दिली जाते, खानापूरची चंदगडला. माझी आतेबहीण, मी जिला ताई म्हणतो, बी.कॉम.ची दोन वर्षे पूर्ण करून लग्न होऊन इकडे आली. चार सत्रांच्या चार गुणपत्रिका तिच्या ट्रंकेत होत्या. सासरची माणसे चांगली. उरलेले एक वर्ष शिकू द्यावयाचे त्यांनी बैठकीतच कबूल केले होते. चौकशीअंती पहिल्यापासून सुरू करा असे उत्तर आले. एका वर्षाचे वचन होते, तीन वर्षांचे नव्हते. गोष्ट तेथेच संपली. सासू वाईट नव्हती, नवरा वाईट नव्हता, विद्यापीठही वाईट नव्हते. आणि तरी ताई आज कुठल्याही अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात ‘बारावी’ असे लिहिते. चार सत्रांसाठी त्या रकान्यात जागा नाही. मुलींच्या शिक्षणावर आपल्या महाविद्यालयात दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते. त्या स्पर्धेत हा मुद्दा मी अजून ऐकलेला नाही.

मग करावे काय? तक्रार करून थांबणे सोपे असते, म्हणून माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, शेजारच्या विद्यापीठांनी आपापसांत पेपरांचा एक तक्ता करावा. ह्या भागातून विद्यार्थी मुख्यतः तीन-चार विद्यापीठांतच ये-जा करतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. ह्या तीन पदव्यांचे पहिल्या दोन वर्षांचे पेपर समोरासमोर मांडले, तर दोन अभ्यास मंडळांचे काम काही बैठकींत आटोपावे. अभ्यासक्रम बदलला की तक्ताही बदलावा, आणि प्रवेश सुरू होण्यापूर्वी तो प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लागावा. विद्यार्थी गाव बदलण्याआधी त्यात बोट ठेवून पाहील आणि आपले काय होणार ते समजून येईल.

दुसरी गोष्ट, जे पेपर राहिले असतील तेवढेच मागावेत आणि ते पुढच्या वर्गाबरोबर देऊ द्यावेत. नापास झालेल्या विद्यार्थ्याला राहिलेले विषय घेऊन पुढच्या सत्रात बसता येते. ज्याला ते विषय शिकविलेच गेले नव्हते, त्याला नापासाएवढी तरी सवलत असावी, ही मागणी फार मोठी नाही.

तिसरी गोष्ट, नकार द्यावयाचा तर तो लेखी आणि कारणासह द्यावा. युरोपातील देशांनी १९९७ मध्ये लिस्बन येथे ह्या विषयावर एक करार केला. बाहेरचे शिक्षण मान्य करावयाचे नसेल तर महत्त्वाचा फरक कोणता, हे संस्थेने दाखवून द्यावे. सर्व काही सारखेच आहे हे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावर नसावा, असे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. वेगवेगळ्या भाषांच्या, वेगवेगळ्या सरकारांच्या देशांना जे पटते, ते एकाच देशातल्या शेजाऱ्यांना पटावयास हरकत नसावी. कारण लिहावे लागले की माणूस ते आधी शोधतो, आणि शोधताना पुष्कळदा ते सापडत नाही!

चौथी गोष्ट, दाखला आणि मायग्रेशन शेवटी मागावे. आधी गुणपत्रिकांच्या प्रतींवरून तात्पुरता निर्णय द्यावा. होडी बदलणाऱ्याला निदान पलीकडची फळी दिसू द्यावी.

ह्या सूचना मी सरकारला उद्देशून करीत नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला ठाऊक आहे. मी त्या ह्या अंकाच्या वाचकांना उद्देशून करतो. आमच्या प्राध्यापकांपैकी काही जण अभ्यास मंडळांवर असतात, काही विद्या परिषदेवर जातात. नवा पेपर कोणता घालावयाचा, जुना कोणता काढावयाचा, ह्यावर तेथे तासन्‌तास चर्चा होत असेल. त्या चर्चेत शेवटी पाच मिनिटे राखून एवढेच विचारावे, की शेजारच्या विद्यापीठातून एखादा मुलगा हा पेपर न देता आला तर त्याला आपण कुठे बसविणार आहोत? आणि विद्यार्थी मित्रांनी, आपल्या वर्गात असा कोणी आहे का, हे पाहावे. वर्गात एखादा मुलगा फार हुशार वाटत असेल तर त्याला हळूच विचारून पाहावे, की हे तू आधी कुठे शिकलास?

मी आता दुसऱ्या वर्षात आहे. दुसऱ्यांदा शिकल्यामुळे लेखांकनात मला गुण चांगले पडले, हे प्रामाणिकपणे जमेला धरतो. मराठीच्या पेपराने मला पुन्हा मराठी वाचावयास लावले आणि हा लेख त्यातूनच झाला, तेही जमेला धरतो. नावेच्या बाजूला मात्र एक अख्खे वर्ष आहे आणि ताईची दोन.

वडील सध्या डाव्या हाताने आकडे काढावयास शिकत आहेत. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा, लहान मुलासारखे. हात नवा आहे, म्हणून गिरवणे पहिल्यापासून. पण बेरीज मी चुकलो की ते खाटेवरून लगेच सांगतात. हात गेला तरी हिशेब येतो, हे घरात सर्वांनी धरूनच ठेवले आहे. विद्यापीठांनी विद्यार्थ्याबद्दल एवढेच धरून ठेवावे.

ह्या लेखाने माझे वर्ष परत येणार नाही. पण पुढच्या जूनमध्येही कोणीतरी कागदांची पिशवी घेऊन त्या खिडकीशी उभे राहीलच. तेव्हा आतल्या त्या सज्जन गृहस्थांच्या हाताशी एक तक्ता असावा, एवढीच इच्छा आहे. ‘तुला बसवायचा कुठे?’ ह्याचे उत्तर त्यांनाही हवेच आहे.

(बी.कॉम., दुसरे वर्ष)